खडूने आखलेली जागा

मामांच्या शेडमध्ये शिरताना चपला काढाव्या लागत नसत. पण जमिनीवर आडव्या पडलेल्या माणसावर पाय पडला तर खैर नव्हती. हा माणूस खडूचा असे. ज्याच्यासाठी गाडी करायची, मग ती हातगाडी असो, तीनचाकी असो की आणखी काही, त्याला मामा सिमेंटच्या कोब्यावर एका कुशीवर झोपवत, गुडघे दुमडायला लावत, हात पुढे धरायला लावत आणि म्हणत, "आता गाडीत बसल्यावानी तोंड कर." तोंडाचं गाडीच्या मापाशी काय काम, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण लोक निमूटपणे तोंड करत. मग मामा कपाळापासून टाचेपर्यंत त्याच्याभोवती खडू फिरवत, त्याला हाताला धरून उठवत, आणि त्या रिकाम्या आकृतीभोवती पाइप, चाकं, दांडे काढत बसत. कागद त्यांना चालत नसे. कागदावर माणूस झोपत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

काम संपेपर्यंत ती आकृती तिथेच राहायची. माल आत आणायचा तर भिंतीला घासून, अंग चोरून. एकदा एका पोत्यावाल्याने घाईत एका आकृतीच्या पोटावर पाय दिला, तर मामांनी त्याला बाहेर उभं करून विचारलं, "तुज्या पोटावर देऊ का?" तो बिचारा हसला, पण मामा हसले नाहीत. खडू पुन्हा गिरवून झाल्यावरच त्याला आत घेतलं.

मामा माझे नात्याने कुणी नव्हते. भिवंडीत एका कारखान्याचे माग चालत होते तेव्हा ते तिथे जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. आणि सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. पुढे मालकाने माग भंगारात काढले. कामगारांनी गावचा रस्ता धरला. मामांनी मात्र मागाचे काही शाफ्ट, गिअर आणि बेअरिंगं मागून घेतली, जवळच्या शेलार गावात रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली आणि खिडक्यांच्या जाळ्या, गेट, गोदामांच्या ढकलगाड्या करायला लागले. मूळचे ते पडघ्याकडच्या एका गावचे. शहरात सगळी हयात गेली तरी तोंडातला 'हाय' आणि 'न्हाय' तसाच राहिला.

मी त्यांच्याकडे गेले ती आयटीआयमधून वेल्डरचा ट्रेड करून. आमचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत. बाबा महापालिकेच्या पाणी खात्यात, व्हॉल्व्ह सोडायच्या ड्युटीवर. मुलगी शिकली याचा त्यांना अभिमान होता, पण शिकून ठिणग्या उडवत बसणार याचा नव्हता. दुसऱ्या दुकानांत गेले की मला विचारत, "बिलं बनवशील का? फोन घेशील का?" मामांनी काहीच विचारलं नाही. वेल्डिंगचा मुखवटा माझ्या हातात दिला आणि दोन पाइपांकडे बोट दाखवलं. मी जोड मारला. त्यांनी तो हातोडीनं ठोकून पाहिला, "हं" म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. या "हं"पेक्षा मोठी शाबासकी मामांकडे नव्हतीच, हे मला पुढे कळलं. मी तो चहा प्याले आणि घरी जाऊन सांगितलं की काम लागलं.

मामांचं सगळं शास्त्र एका प्रश्नात मावायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, गेटला इथे एक नक्षी टाका, ढकलगाडीला वरती आणखी एक दांडा टाका. मामा मान तिरकी करून विचारत, "हे न्हाय लावलं तर मरेल का कोन?" गिऱ्हाईक गडबडायचं. मरणार कोण? कुणीच नाही. "मंग न्हाय लावायचं." झालं, नक्षी गेली. पण उत्तर 'हो' असेल तर मामा हट्टाला पेटत. साखळीवर झाकण नको म्हणणाऱ्या एका पानवाल्याची तीनचाकी त्यांनी झाकण लावल्याशिवाय शेडबाहेर काढू दिली नाही. "तुजा पायजमा अडकला तर तू मरशील. झाकन लागंल." तो पानवाला आठवडाभर येऊन भांडत होता. शेवटी झाकणासकट गाडी घेऊन गेला.

आमची मातीतली गाडी याच प्रश्नातून जन्मली. पडघ्याच्या पुढे एका शेठने भातशेती विकत घेऊन तिथे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खेळण्याची बाग काढायचं ठरवलं होतं. त्याला चिखलमातीत, बांधांवरून उडत जाणाऱ्या छोट्या गाड्या हव्या होत्या, गो-कार्ट म्हणतात त्या. पण तयार गाड्यांच्या किमती ऐकून त्याचा उत्साह निम्मा झाला होता. त्याने आसपासच्या फॅब्रिकेशनवाल्यांना सांगितलं, प्रत्येकाने एक गाडी करून आणा. ज्याची गाडी माझ्या शेताला न थांबता पूर्ण फेरी मारेल, त्याला सगळ्या गाड्यांचं काम. मामांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "झोप."

मी कुशीवर झोपले. गुडघे दुमडले, हात पुढे धरले, आणि हो, तोंडही केलं. खडू कानाजवळून करकरत गेला तेव्हा गुदगुल्या झाल्या. मामांनी मला उठवलं आणि बराच वेळ त्या आकृतीकडे बघत राहिले. "तू हलकी हायेस," ते म्हणाले. "इंजिन बारीक चाललं. इंजिन बारीक तर पाइप बी बारीक. पाइप बारीक तर खर्च बारीक. गाडी तुज्या मापाची करू, पोरी. चालवायचीस बी तूच. आन काम मिळालं का पाटीवर माज्या नावाखाली तुजं नाव टाकू. मजूर म्हनून न्हाय. भागीदार म्हनून."

आता ही गोष्ट माझ्यासाठी काय होती, ते सांगितलं पाहिजे. त्याच आठवड्यात एका मोठ्या गोदामातून मला बोलावणं आलं होतं. घरपोच सामानाची खोकी स्कॅन करायची, शिफ्टची नोकरी, एसी. बाबांनी जाऊन तिथल्या साहेबांना शब्दही दिला होता. मी घरी जाऊन सांगितलं की पाटीवर माझं नाव लागणार आहे. बाबा जेवता जेवता थांबले. मग म्हणाले, "प्रज्ञा, लागू दे नाव. पाटी लागली की मी स्वतः बघायला येईन, आणि परत त्या गोदामाचं नाव काढणार नाही. पण नाही लागली, तर माझं ऐकायचं." मी कबूल केलं. न कबूल करण्यासारखं त्यात मला काहीच दिसलं नाही.

मग भंगारातल्या फेऱ्या सुरू झाल्या. अन्वरचाचांचं भंगाराचं दुकान म्हणजे मोडीत निघालेल्या भिवंडीचं कोठार होतं. गिअर नसलेल्या एका अपघाती स्कूटरचं इंजिन मिळालं. रिक्षाची चाकं मिळाली. ती लहान, जाड, आणि थोडी हवा कमी ठेवली की मातीत रुतत नाहीत. स्टिअरिंगचे दांडे एका टेम्पोचे. मागचा आस मात्र मामांनी भंगारातून घेऊ दिला नाही. त्यांनी जपून ठेवलेला मागाचा एक शाफ्ट काढला, फडक्यानं पुसला. अन्वरचाचा म्हणाले, "मामू, इसको भी लगाओगे? ये तो तुम्हारी निशानी है." मामा म्हणाले, "फिरायसाठी बनवलाय तो. फिरू दे की."

सीटचा प्रश्न आला तेव्हा मी गाड्यांच्या गादीचे भाव विचारून आले होते. मामांनी शेडमधली प्लॅस्टिकची खुर्ची उलटी केली, करवतीनं तिचे पाय कापले आणि ती माझ्या खडूच्या आकृतीच्या कमरेवर नेऊन ठेवली. तंतोतंत. मला इतकं हसू आलं की हातातला काटकोन मापायचा गुण्या खाली पडला. शॉकअब्झॉर्बर लावू का, असं मी विचारलं. मरेल का कोन? नाही मामा, कंबर दुखेल. "दुखू दे. पाइप वाकंल थोडा, तोच शॉकप." मडगार्ड? चिखल उडेल फक्त. नाही लावायचं. ब्रेक? मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो प्रश्न परत विचारला नाही. मोटरसायकलची डिस्क त्यांनी मागच्या आसावर स्वतः बसवली आणि दहादा फिरवून पाहिली.

एक गोष्ट मात्र माझी होती. गाडी उलटली आणि चालवणारा बाहेर फेकला गेला तर इंजिन चालूच राहणार, चाकं फिरत राहणार. मी मागाच्या सुताचे पदर पिळून एक दोरी वळली. तिचं एक टोक इंजिन बंद करायच्या खटक्याला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस सीटवरून उडाला की खटका ओढला जाणार. मामांनी दोरी हातात घेऊन ओढून पाहिली. मग तो प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, पुटपुटत. "न्हाय लावली तर मरेल," असं स्वतःच उत्तर दिलं आणि म्हणाले, "हं." त्या दिवशी मी घरी जाताना रस्त्यात एकटीच हसत होते.

खारबावला मामांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं भात कापून झालेलं शेत होतं. तिथे आम्ही गाडी चालवून बघायचो. पहिल्या दिवशी ती वळेचना. मागची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट, त्यामुळे वळताना आतलं चाक घसटायचं आणि गाडी नाकासमोर जायची. मामा बांधावर उकिडवे बसून बघत राहिले. मग येऊन त्यांनी माझी खुर्ची पुढे सरकवली. थोडीच. माझं वजन पुढच्या चाकांवर आलं आणि गाडी अशी वळली की मी ओरडलेच. "सीट चार बोटं सरकली का गाडी दुसरी," मामा म्हणाले. "इंजिन, पाइप, चाकं, सगळं मागनं. आधी मानूस कुठं बसतो ते." त्यांनी खुर्चीच्या चारी बाजूंना वेल्डिंगचे टाके मारून टाकले. त्या जागेला आता कुणी हात लावायचा नाही, असं मला बजावलं. मी कशाला लावतेय?

पुढचे दिवस आमच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. माझ्या तरी. मी धुळीनं माखून बांधामागून बांध ओलांडायचे, मामा पाण्याची बाटली घेऊन मागून चालत यायचे. गाडी बंद पडली की ती मी दुरुस्त करायची, ते फक्त बाटली पुढे करायचे. एकदा परत येताना टेम्पोत म्हणाले, "पाटी निळी करू का पिवळी?" मी म्हटलं, निळी. "निळीच," ते म्हणाले. एवढं ठरलेलं होतं.

मग रितेश आला. रितेश मामांचा सख्खा भाचा, त्यांच्या एकुलत्या एका बहिणीचा मुलगा. पुण्यात काही वर्षं काढून, तिथलं काही न जमल्यानं परतलेला. उंच, हसतमुख, वागायला मुळीच वाईट नाही. हे मुद्दाम सांगते, कारण राग कुणावर काढायचा हे मला पहिल्यापासून स्पष्ट आहे. तो आल्या आल्या गाडीभोवती फिरला, मोबाइलवर तिचे व्हिडिओ काढले आणि मला म्हणाला, "ताई, भारी बनवलीय यार!" दुसऱ्या दिवशी मामांची बहीण डबा घेऊन शेडवर आली आणि मामांशी बाहेर उभं राहून बराच वेळ बोलत होती. मी आत कटर चालवत होते. काय बोलणं चाललंय, याची मला फिकीर नव्हती.

शेठच्या शेतावर जायच्या आदल्या सकाळी मी शेडचं शटर वर केलं तर कोबा ओला होता. धुळवडीच्या दिवसांत, पाण्याची बोंब असताना, ओला कोबा. गाडीच्या रेघा जशाच्या तशा होत्या. पाइप, चाकं, स्टिअरिंगचा दांडा, सगळं जिथल्या तिथे. आतली मी नव्हते. माझ्या जागी दुसरी आकृती होती, ताज्या खडूची, लांबलचक, आणि तिचे गुडघे स्टिअरिंगच्या रेघेच्या पार पलीकडे गेले होते. मी भिंतीला घासून, अंग चोरून आत गेले. सवय होती ना.

मामा मागच्या बाजूला हात धूत होते. मी विचारलं, "मामा, हे कुणाचं माप?"

"रितेशचं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "उद्या तो चालवंल. शेठसमोर घरचं मानूस असलेलं बरं."

"आणि मी?"

"तू हायेसच की इथं. वेल्डिंगला."

"आणि पाटी?"

मामा टॉवेलनं हात पुसत राहिले. कोरडे झालेले हात ते पुसतच होते. मग तिरकी मान करून, नक्षी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, "तुजं नाव न्हाय लागलं तर मरेल का कोन?"

मला त्या क्षणी रडू आलं नाही. मला फक्त एवढंच कळलं की हा प्रश्न मी किती वेळा, किती कौतुकानं ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी काहीतरी काढून टाकल्यावर आम्ही दोघं हसलो होतो. मी त्यांना मामा म्हणत होते. भिवंडीत निम्मं गाव त्यांना मामा म्हणत होतं. भाचा एकच होता. ज्याने मला मुखवटा दिला, माझी दोरी ओढून "हं" म्हटलं, त्याच माणसाने सकाळी उठून, बादली भरून, मला पुसून काढलं होतं. तेही मी यायच्या आत, गुपचूप. समोर सांगितलं असतं तर मी भांडले असते, आणि कदाचित ऐकलंही असतं. माझ्याशी दगा झाला होता, याला दुसरा शब्द नाही. मी माझा डबा उचलला आणि घरी गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा पुरेसा होता.

तरीही दुसऱ्या दिवशी मी पडघ्याला गेले. कशासाठी, ते मला सांगता येत नाही. गाडी माझी होती, एवढंच. शेठच्या शेतावर मांडव, लाउडस्पीकर, पाहुणे. दोन-चार शेडवाल्यांच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. आमची सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत हलकी. रितेश खुर्चीत बसून लोकांना हात करत होता. त्याच्या मनगटापाशी माझी दोरी नुसती लोंबत होती. कुणी बांधलीच नव्हती. मी बांध ओलांडून गेले, खाली बसले आणि दोरी त्याच्या मनगटाला गाठ मारून बांधली. तो हळूच म्हणाला, "ताई, आई शप्पथ, चालवायची तू होतीस हे मला सकाळी कळलं."

तिथे खाली बसलेली असताना मला खुर्ची दिसली. टाके कापून ती मागे सरकवली होती. त्याचे गुडघे मावावेत म्हणून. मी हात लावून पाहिला. चार बोटं नाही, अख्खी वीत. हा माझ्यापेक्षा कितीतरी जड माणूस आणि तो जवळजवळ इंजिनावर बसलेला. पुढच्या चाकांवर वजनच नाही. मी उठून मामांकडे गेले. ते मांडवाच्या खांबाला धरून उभे होते.

"मामा, सीट मागं गेलीय. बांधावर पुढची चाकं उचलतील. गाडी वळणार नाही."

"माहीत हाय," मामा म्हणाले.

कोबा पुसला त्यापेक्षा हे दोन शब्द मला जास्त लागले. मला वगळलं, ते बहिणीसाठी असेल, भाच्यासाठी असेल. माणसाला आपलं रक्त ओढतं, हे मलाही कळतं. पण माणसाची जागा हलवायची नाही, ही जी एक गोष्ट ते स्वतः कधी मोडत नव्हते, जी त्यांनी मला हाताला धरून शिकवली, तीही त्यांनी मोडली होती. आणि मोडताना त्यांना माहीत होतं. मी ज्यांच्याकडे शिकले ते मामा मग कोण होते?

पहिला बांध गाडीने पार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा बांध जरा उंच होता आणि त्याच्या पलीकडे लगेच वळण. गाडी बांधावर चढली, पुढची चाकं वर उचलली गेली आणि आभाळाकडे बघत नुसतीच फिरली. रितेश स्टिअरिंग पिळत होता, पण चाकं जमिनीवर असतील तर ना. गाडी तशीच सरळ जाऊन शेताच्या चरात आडवी झाली आणि तो पलीकडे फेकला गेला. दोरी ताणली गेली. इंजिन बंद झालं. रिक्षाची चाकं दोन-तीन फेरे फिरून थांबली. मी आणि मामा दोघंही धावलो. रितेशचा कोपर सोलवटला होता आणि तोंडात माती गेली होती, बाकी धडधाकट. त्याने उठल्या उठल्या मनगटावरची दोरी बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं.

शेठने काम दुसऱ्या कुणाला दिलं. मामांनी मला त्या गर्दीतून हाक मारली, "पोरी..." पण पुढे काही बोलले नाहीत. मी थांबले होते, हेही सांगते. त्यांनी पुढचा शब्द उच्चारावा म्हणून मी चांगली उभी राहिले होते. ते चराकडे वळले आणि गाडी सरळ करायला लागले. मी बस पकडली.

बाबांना दिलेला शब्द मी पाळला. गोदामात खोकी स्कॅन केली. एसी होता. तिथल्या ढकलगाड्या रोज मोडायच्या आणि मी सुपरवायझरला रोज सांगायचे की याचा दांडा उंच आहे, त्याचं चाक चुकीच्या जागी आहे. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मग तूच का नाही करत?" तिथून माझ्या शेडची सुरुवात झाली. आज पडघ्याच्या रस्त्याला माझी शेड आहे. गोदामांच्या गाड्या करते. अधूनमधून कुणी फार्महाउसवाला येतो, त्याच्यासाठी मातीतली गाडीही करते. पाटी निळी आहे. ती लागली त्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि तिच्याखाली बराच वेळ उभे राहिले.

मी माणसांना कोब्यावर झोपवते. बायकांना, पुरुषांना, एकदा तर खुद्द सुपरवायझरला. आणि प्रत्येकाला सांगते, गाडीत बसल्यासारखं तोंड कर. का सांगते, माहीत नाही. दुसरं कसं करायचं ते मला येतच नाही. प्रत्येक सुट्या भागापुढे तो प्रश्नही मनात येतो, कारण स्वस्त आणि चांगली गाडी करायची दुसरी वाट मला कुणी दाखवलेली नाही. पण तो प्रश्न मी माणसाबद्दल विचारत नाही. माझ्याकडे दोन मुली कामाला आहेत. त्यांची नावं पाटीवर आहेत.

शेडच्या मधोमध, दारातून आत आल्या आल्या पायाखाली येईल अशी, माझी स्वतःची आकृती आहे. कुशीवर झोपून मी ती एका मुलीकडून काढून घेतली आणि मग पांढऱ्या ऑइलपेंटनं पक्की केली. येणारे-जाणारे सगळे तिच्यावरून चालतात. मीही चालते. मनाई ठेवून काम होत नाही.

मामा गेल्या पावसाळ्यानंतर गेले. त्याआधी एकदाच माझ्या शेडवर आले होते. रितेशने बाइकवरून आणून सोडलं होतं. तो बाहेरच थांबला. मामा वाळले होते, शर्ट खांद्यावरून ओघळत होता. ते दारात उभे राहिले आणि खाली बघितलं. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. गुडघे कुठे, टाच कुठे, हे त्यांच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार.

"पेंट मारलास?"

"हो. खडू पुसला जातो."

"हं," मामा म्हणाले. ही ती जुनी शाबासकी नव्हती. मी चहा मागवला. त्यांनी कप हातात धरला, पण प्याले नाहीत. मी वाट बघत होते. इतक्या वर्षांनीही, मूर्खासारखी, त्या एका पुढच्या शब्दाची वाट बघत होते. त्यांनी मान तिरकी केली. जुन्या सवयीनं, थोडं चेष्टेच्या सुरात, कदाचित मला हसवायला म्हणून विचारलं, "ही न्हाय काढली असतीस तर मेलं असतं का कोन?"

"नाही मामा," मी म्हटलं. "त्या दिवशीसुद्धा कुणी मेलं नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. मग ते उठले, आणि बाहेर जायला सरळ वाट असताना ते भिंतीकडे वळले. पाठ भिंतीला लावून, अंग चोरून, एकेक पाऊल जपून टाकत ते त्या आकृतीला वळसा घालून दारापर्यंत गेले. रितेशने त्यांना बाइकवर बसवलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, मीही हाक मारली नाही.

माझ्या शेडमध्ये आजवर शेकडो माणसं आली असतील. माझ्यावर पाय न देता गेलेला माणूस तो एकच.